घोटलेला रस्ता

धुडकू आबांनी खांद्यावरची मोगरी उतरवली आणि माझ्या टेबलावर, सगळ्या कागदांच्या वर ठेवली. टेबल हललं. शाईची बाटली मी कशीबशी धरली.

"उचला ताई," ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि वीतभर उचलून परत ठेवली. बाभळीच्या ओंडक्यातून काढलेली ती पाचर होती. एक टोक निमुळतं, दुसरं चांगलं जाड, आणि धरायला मागे लांब दांडा. आठ-नऊ किलो सहज भरली असती.

"अशा बारा केल्या यंदा," आबा म्हणाले. "नव्या करकरीत. पण तुमचा रस्ता यांना धरणार नाही. रथ उतारावर थांबणार नाही, ताई. तेच सांगायला आलो."

एकोणनव्वद सालची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. खानदेशातलं, तापीच्या अलीकडचं, चारी बाजूंनी केळीच्या बागा असलेलं गाव, एवढं पुरे. मी चोवीस वर्षांची होते, साताऱ्याकडची, आणि तिथल्या नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागून नऊ महिने झाले होते. टिळेकर मॅडम म्हणायचे मला. माझ्या हाताखाली झालेला पहिला रस्ता म्हणजे बाजारपेठेतून नदीदरवाज्याकडे उतरणारा. पूर्वी तिथे काळ्या दगडांची फरसबंदी होती. ती उखडून आम्ही काँक्रीट केलं होतं, आणि त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

त्या रस्त्यावरून दर कार्तिकात बालाजीचा रथ उतरायचा. तीन मजली लाकडी रथ, छातीएवढी चार चाकं, चाकांना लोखंडी धावा. रथाला ब्रेक नाही, वळवायला काही नाही. पुढे दोरांना शंभर-दीडशे माणसं, आणि चाकांशेजारी वाकून चालणारे आठ मोगरीवाले. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या चाकाखाली मोगरी सरकवायची, ते चाक अडतं, दुसरं पुढे जातं, रथ वळतो. थांबवायचा असला की दोन्हीकडे लावायच्या. उतारावर तर लाव, काढ, लाव, काढ. रथ हात-हात पुढे जायचा. आबा धंद्यानं सुतार, आणि चाळीस वर्षं पुढच्या उजव्या चाकाचे मोगरीवाले.

मी नव्यानं शिकून आलेली. मी कागद ओढला आणि आकृती काढली. उतार, उतारावर चाक, चाकाखाली पाचर.

"रथ किती जड असेल, आबा?"

"तीनशे मण धरा. वर पुजारी, भालदार-चोपदार वेगळे."

"मग चिंताच नको. वस्तू जितकी जड तितकं घर्षण जास्त. रथ मोगरीला दाबणार, मोगरी रस्त्याला दाबणार. जितकी दाबली जाईल तितकी घट्ट बसेल."

आबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "आणि जड वस्तू उतारावरून खाली ओढही जास्त घेते ना, ताई?"

हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते, त्याचे मार्कही मिळवले होते.

"उद्या सकाळी उतारावर या," मोगरी खांद्यावर घेत ते म्हणाले. "रथाला तीन दिवस आहेत."

सकाळी सातला मी गेले तेव्हा आबा आधीच येऊन बसले होते. लोटगाडीवर त्यांनी सागाचे ओंडके रचले होते आणि गाडी उताराच्या तोंडाशी आणली होती. त्यांचा भाचा उखर्डू, तिशीचा दणकट गडी, गाडी मागून धरून होता. रथाच्या डाव्या चाकाला तोच असायचा. आबांनी चाकाखाली मोगरी सरकवली. उखर्डूनं गाडी सोडली. चाक मोगरीवर चढू पाहत होतं, मोगरी बोटभर घासली आणि थांबली.

"धरते की," मी म्हटलं.

"कोरडं आहे म्हणून." आबांनी पिशवीतून नारळ काढला, कडेच्या दगडावर फोडला आणि पाणी रस्त्यावर ओतलं. मग एक केळं सोललं, केळं उखर्डूला दिलं आणि साल पायाखाली चोळून टाकली. "रथापुढे किती नारळ फुटतात, मोजले कधी? वरून केळी उधळतात. बाया चाकावर पाणी घालतात. आता बघा."

या वेळी मोगरी थांबली नाही. गाडी तिला पुढे ढकलत निघाली. आवाजसुद्धा नाही. आबा आणि उखर्डूनं धावत जाऊन गाडीला खांदे लावले, मीही दांडी धरली, तेव्हा कुठे ती अडली.

"हिच्यात दहा मणही नाहीत," आबा धापा टाकत म्हणाले.

मला स्वस्थ बसवेना. रस्त्याच्या कडेला, त्याच मालाची, त्याच दिवशी ओतलेली नमुन्याची लहानशी लादी पडलेली होती. ती मी एका टोकानं उचलून धरली. तिच्यावर पाणी मारलं, एक वीट ठेवली आणि लादी हळूहळू कलती केली. वीट घसरली तिथे मागच्या भिंतीवर खडूनं खूण केली. मग पाच विटा दोरीनं एकत्र बांधून ठेवल्या. त्या बरोबर त्याच खुणेला घसरल्या. चार वेळा केलं. वजनाचा काही संबंधच नव्हता. ओढ वाढते तशीच पकड वाढते, एकाच मापानं, आणि दोघींची फिट्टंफाट होते. उरतं फक्त दोन पृष्ठभागांमध्ये जे असेल ते. लाकूड, रस्ता, आणि मधलं पाणी. जुन्या दगडांना खाचा होत्या, सांधे होते. पाणी सांध्यांत जायचं आणि मोगरी दगडाला चावायची. इथे चावायला काही नव्हतं.

"टाचे मारून घ्या, छिन्नीनं खाचा पाडा," आबा म्हणाले. "वडारवाड्यातल्या बाया छिन्नी-हातोडा घेऊन बसल्या तर दोन दिवसांत सगळा उतार खरखरीत करतील."

"नव्या रस्त्यावर छिन्नी?"

"मग जुना करायचा का आधी?" ते हसले नाहीत. माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "एवढा घोटला कशाला पण, ताई?"

मी डायरीत काहीतरी लिहीत होते. "बघते मी," म्हटलं आणि सायकलवर बसले.

मुख्याधिकारी सबनीस साहेब वाईट माणूस नव्हते. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून अंदाजपत्रकाची फाईल काढली आणि चष्मा वर करून वाचली.

"हे तुमचंच अक्षर ना? 'काँक्रीट ओलं असताना पृष्ठभागावर झाडू ओढून आडव्या रेघा पाडाव्यात.' मग का नाही पाडल्या?"

"ठेकेदाराच्या मुकादमाला विचारते, सर."

"लतीफला? तो पंधरा वर्षं हेच करतोय."

"विचारते."

त्यांनी फाईल मिटली. "विचारत बसू नका. लिहून द्या. रस्ता सदोष आहे, रथाला धोका आहे, दोष अमक्याचा. दुपारपर्यंत कागद माझ्या टेबलावर आला तर दोन दिवस रस्ता बंद ठेवून टाचे मारून घेतो. मंत्री उद्घाटनाला येणार आहेत, त्यांना काय सांगायचं ते मी बघतो. पण कागदाशिवाय मी नव्या रस्त्याला हात लावणार नाही. उद्या मलाच विचारतील."

मी माझ्या टेबलाशी येऊन लिहायला बसले. पहिला कागद अर्ध्यावर फाडला. दुसरा त्याच ओळीपाशी फाडला. तिसरा घडी करून पर्समध्ये ठेवला. डबा उघडला नाही. दुपारी उतारावर एक चक्कर मारली, चारला आणखी एक. पायाखालचा रस्ता उन्हात चकाकत होता. त्याच रस्त्यावरून दोन मुली दुधाची बरणी घेऊन सावकाश, एकमेकींना धरून उतरत होत्या. मी नजर फिरवली. सबनीस साहेबांनी शिपायाला पाठवलं तेव्हा मी निरोप दिला, "तपासणी चालू आहे म्हणावं."

दुसरा दिवसही तसाच गेला. आबा कचेरीच्या दारात आले, आत आले नाहीत. उभ्या उभ्या माझ्याकडे पाहिलं आणि गेले.

मग मी अर्धवट माणसं करतात ते केलं. खडी फोडताना उरते ती जाडसर भुकटी, कच म्हणतात तिला, तिची वीस पोती नगरपालिकेच्या आवारात पडली होती. ती मी कुणाला न विचारता गाडीत घालून उताराच्या कडेला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर रचून ठेवली. रथ यायच्या आधी रस्त्यावर पसरायची. ना कागद, ना सही, ना कुणाचं नाव. मला वाटलं, मी मार्ग काढला.

रथाच्या दिवशी सकाळी मंत्री आले, फीत कापली, "आरशासारखा रस्ता," असं म्हणाले आणि गेले. दुपारी तीनला मी आमचे चार कामगार घेऊन पोती फोडायला लागले. दोन पोती पसरली असतील, तेवढ्यात स्वागत समितीचा एक जण धावत आला.

"मॅडम, काय चाललंय? रांगोळी काढली आहे खाली!"

"रथ घसरेल."

"चाळीस वर्षांत घसरला नाही तो!"

"चाळीस वर्षं हा रस्ता नव्हता."

"मग रस्ता कुणी केला? तुम्हीच ना?" त्यानं कामगारांना हाताला धरून बाजूला केलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी ठाम काही बोलावं म्हणून ते थांबले होते. मी बोलले नाही. वरून धूळ बसवायला पाण्याचा टँकर आला आणि जाताना सगळा उतार ओला करून गेला. पसरलेली बहुतेक कच पाण्याबरोबर कडेच्या गटारात गेली.

चारच्या सुमाराला रथ उताराच्या तोंडाशी आला. ढोल, ताशे, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर दाटीनं बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवर लेकरं. खाली उतार संपतो तिथे रस्ता डावीकडे वळतो, आणि बरोबर समोर कासारांचा लांब ओटा. त्यावर पन्नासेक बायका तरी असतील. आबा पुढच्या उजव्या चाकाशी होते. त्यांनी ओला रस्ता पाहिला. मग मान वळवून गर्दीत मला शोधलं. मी ओट्यावरच्या पोत्यांना टेकून उभी होते. धोतराचा काष्टा घट्ट केला आणि ओरडले, "दोर मागं घ्या! मागं ओढा! कुणी पुढं ओढायचं नाही!"

पहिल्या दोन मोगऱ्या धरल्या. तिसरी घासत गेली. चौथीच्या जागी नुकताच नारळ फुटला होता, आणि ती धरलीच नाही. चाक तिला पुढे ढकलत निघालं. लोक जयजयकार करत होते, त्यांना कळलंच नव्हतं. मला कळलं, कारण लाकूड दगडावर घासताना जो कर्रकर्र आवाज येतो तो येत नव्हता.

उखर्डूनं डावीकडे मोगरी मारली. ती तिथे उरलेल्या थोड्या कचीत अडली, आणि त्यामुळे रथ डावीकडे वळायला लागला, वेळेच्या आधीच. वरचा कळस घरांच्या गच्चीला लागेल इतका झुकला. आता ओरडा झाला. दोर धरलेली माणसं खेचली जात होती, त्यांचेही पाय घसरत होते. आबा चाकापुढे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी मोगरी दाबून धरली. मोगरीबरोबर तेही मागे सरकत होते.

मी पोतं उचललं. मला आजही कळत नाही कसं उचललं, ते पन्नास किलोचं होतं. अर्धं ओढत, अर्धं फरपटत नेलं आणि चाकाच्या पुढे आबांच्या मागे टाकलं. दाताने सुतळी तोडली. कच रस्त्यावर सांडली.

"अजून!" आबा मागे न बघता ओरडले. "इकडं! माझ्या हाताखाली!"

मी ओंजळींनी मोगरीखाली कच लोटली. कामगार धावले, आणखी दोन पोती आली. एकदम कर्र असा आवाज झाला. इतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. मोगरी अडली, चाक तिच्यावर अर्धं चढलं, रथ सगळा कुरकुरला आणि थांबला. पण चाक चढलं तेव्हा मोगरीचं तोंड उसळलं आणि चाकाची लोखंडी धाव आबांच्या डाव्या पावलावर आली.

कासारांच्या ओट्यापासून रथाचं पुढचं लाकूड चार हातांवर होतं. तिथल्या बायका उठून उभ्याही राहिल्या नव्हत्या.

सरकारी दवाखान्यात आबांची तीन बोटं काढली. गावात सगळ्यांना एकच प्रश्न होता, आणि उत्तरही दोन दिवसांत सापडलं. रस्ता लतीफ मुकादमानं घोटला. अंदाजपत्रकात रेघा होत्या, त्यानं पाडल्या नाहीत. ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं आणि हात झटकले. त्याच्या नावावरून जे बोलायचं तेही बाजारात बोलून झालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या दारावर दगड आला. चौकशीसाठी जिल्ह्याहून साहेब येणार होते आणि माझ्या जबाबाचा दिवस ठरला होता. लतीफला एकदा कचेरीत बोलावलं, तेव्हा तो भिंतीशी उभा राहिला. सबनीस साहेबांनी विचारलं, "का घोटलास?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली. "चूक झाली साहेब," एवढंच म्हणाला. मी फाईलची पानं उलटत होते.

जबाबाच्या आदल्या संध्याकाळी मी आबांच्या घरी गेले. ते बाजेवर होते, पाऊल पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर. त्यांच्या बायकोनं, सुपडाबाईनं, मला पाणी दिलं आणि तिथेच दाराशी बसली.

"आबा," मी म्हटलं. तांब्या हातातच धरून ठेवला. मग एका दमात सांगितलं. "त्या दिवशी लतीफ झाडू घेऊन उभा होता. दोनदा विचारलं त्यानं, मॅडम, रेघा मारू का. मीच नको म्हटलं. म्हटलं, राहू दे, बघ किती सुंदर दिसतोय. आणखी एकदा घोटून घे."

"माझे वडील रविवारी येणार होते साताऱ्याहून. जन्मभर रस्त्यावर मैलकुली होते ते, खड्डे बुजवायचे. मला त्यांना माझा पहिला रस्ता दाखवायचा होता. खरबरीत नको होता मला. चकचकीत हवा होता."

"आले का ते?"

"आले. रस्त्यावर चप्पल घासून पाहिली आणि काही बोलले नाहीत. चहा पिऊन परत गेले."

"माहीत आहे मला," आबा म्हणाले.

"वडील आले होते ते?"

"नाही. ते लतीफचं. मी समोर किसनच्या दुकानात फळ्या बसवत होतो. झाडूचं सगळं ऐकलं मी."

"मग तुम्ही तीन दिवस आधी आलात... तुम्ही सबनीस साहेबांकडे सरळ का नाही गेलात?"

"तुमच्याकडे आलो ना. ज्यानं केलं त्याच्याकडे जावं. वाटलं, पोरगी शिकलेली आहे, स्वतःच करून टाकेल."

"आणि आता? लतीफच्या घरावर दगड मारतायत लोक. तुम्ही सांगितलं असतं तर..."

"मी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारा त्याला वाचवून राहिला. माझ्या बोलण्यानं त्याचं काही धुतलं जाणार नाही, ताई. तुमच्या सहीनं जाईल."

सुपडाबाई उठली. रिकामा तांब्या माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. "तीन बोटं गेली तेव्हा कुठं यांना बोलायचं सुचलं," ती म्हणाली आणि आत गेली. आबांनी तिला थांबवलं नाही. माझी समजूतही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जबाब लिहून दिला. त्या ओळीपाशी या वेळी थांबले नाही. सबनीस साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे मी तुमच्याकडे आठ दिवसांपूर्वी मागितलं होतं." माझी वेतनवाढ रोखली आणि दोन महिन्यांत माझी बदली झाली. लतीफला ठेकेदारानं परत घेतलं. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो दाराचं फुटलेलं फळकूट बसवत होता. मी माफी मागितली. तोंडातले खिळे काढून तो म्हणाला, "ऐकलं मॅडम," आणि पुन्हा खिळे तोंडात धरून कामाला लागला. त्याच्याकडून आणखी काही मिळावं अशी माझी आशा होती. ते मला मिळालं नाही आणि मिळायला नकोच होतं.

बदलीच्या आधी एक काम मात्र माझ्या हातून झालं. वडारवाड्यातल्या चौदा बायका उतारावर बसल्या आणि पाच दिवस टाचे मारत होत्या. सबंध बाजारात छिन्नीचा आवाज. मंत्र्यांनी आरसा म्हटलेला रस्ता देवीचे वण पडलेल्या तोंडासारखा दिसायला लागला. मी तिथे पाचही दिवस उभी होते. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकीनं मला बाजूला पडलेली छिन्नी दिली, आणि मी संध्याकाळपर्यंत दीड हात जागा केली.

पुढच्या कार्तिकात मी दुसऱ्या तालुक्यातून एसटीनं आले. कुणी बोलावलं नव्हतं. उताराच्या मधोमध एका ओट्यावर आबा खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी. त्यांच्या चाकाला आता उखर्डू होता. मी बाजूला उभी राहिले. त्यांनी पाहिलं, बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

रथ उतारावर आला. नारळ फुटत होते, केळी उडत होती, रस्ता भिजून काळा झाला होता. पहिली मोगरी बसली तेव्हा मी डोळे मिटले. कर्र. दुसरी. कर्र. रथ हात-हात उतरत होता. मी डोळे उघडले तेव्हा आबा रथाकडे बघत नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"ताई, चपला काढा," ते म्हणाले.

"काय?"

"काढा. खाली उतरा. उभ्या राहा रस्त्यावर."

मी चपला ओट्याखाली ठेवल्या आणि ओल्या रस्त्यावर अनवाणी उतरले. पाऊल टेकताच कळवळले. एकेक टाचा तळव्यात रुतत होता. तीस हातांवर रथ मोठा होत येत होता, आणि मी एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देत होते.

"टोचतंय?" आबांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही पाय टेका," ते म्हणाले आणि रथाकडे वळले.